गॅसच्या भडक्यात आई भाजली, एजन्सी म्हणते काही मिळत नाही. वकील करू का?

तुमचा प्रश्न वाचला. कराडजवळच्या गावात राहता, पंधरा दिवसांपूर्वी सकाळी चहा ठेवताना भडका उडाला, आई पस्तीस टक्के भाजल्यात, एजन्सीवाला म्हणतो नळी तुमची होती आमचा काय संबंध नाही, आणि ओळखीतला एक वकील म्हणतो जे मिळेल त्यातलं निम्मं माझं. मी वकील नाही, सांगलीत स्पेअर पार्टचं दुकान आहे. पण २०२२ ला आमच्या वहिनी अशाच भाजल्या आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी पिशवीत कागद घेऊन फिरलोय, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

वकिलाचं नंतर बघू. आधी घरी फोन लावून विचारा की रेग्युलेटर, नळी, शेगडी, सिलेंडर हे सगळं आत्ता कुठं आहे. आमच्याकडं शेजारच्या काकूंनी चांगल्या मनानं स्वयंपाकघर धुऊन काढलं आणि काळी पडलेली नळी उकिरड्यावर टाकली. पुतण्यानं काठीनं उकरून हातभर तुकडा शोधून आणला, एका टोकाला वितळून गोळा झालेला, पण त्यावरचा आयएसआयचा मार्क आणि मुदतीचं साल निम्मं तरी वाचता येत होतं. पुढं एजन्सीनं जेव्हा लेखी दिलं की ग्राहकानं बाजारातली लोकल नळी लावली होती तेव्हा आमच्याकडं दाखवायला तेवढा तुकडाच होता. त्यामुळं ज्या वस्तू आहेत त्यांचे फोटो काढा आणि एका पोत्यात बांधून ठेवा. आणि एजन्सीचा माणूस 'चेकिंगला नेतो' म्हणून सिलेंडर न्यायला आला तर पावतीशिवाय, नंबर लिहून घेतल्याशिवाय देऊ नका.

आता 'काही मिळत नाही' हे साफ खोटं आहे. सरकारी तेल कंपन्यांनी गॅस अपघातासाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचाराचा खर्च माणशी जास्तीत जास्त २ लाख (एका अपघातात सगळे मिळून ३० लाखांपर्यंत), आणि कनेक्शन ज्या पत्त्यावर आहे तिथल्या घराचं नुकसान झालं असेल तर २ लाखांपर्यंत. विमा कंपनी कुठली हे शोधत बसायची गरज नाही, तुम्ही एजन्सीला लेखी कळवायचं, एजन्सीनं तेल कंपनीला आणि त्यांनी विमा कंपनीला. आता बऱ्याच ठिकाणी एजन्सीवाले हे सांगतच नाहीत आणि लोकही नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. तुम्ही आजच अर्ज द्या, आणि त्याचीच एक प्रत तेल कंपनीच्या एरिया ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवा.

पण या विम्यात एक मेख आहे. आग मुळात गॅसमुळं लागलेली पाहिजे. दुसऱ्या कशानं आग लागली आणि त्यात सिलेंडर सापडून फुटला तर तो यात बसत नाही. म्हणून कागदावर काय लिहिलंय याला फार किंमत आहे, आणि आमचं घोडं तिथंच अडलं. वहिनींना रात्री मिरजेला नेलं, दादाला काही सुधरत नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, कोण तरी मागून म्हणालं 'स्टो भडकला', आणि केसपेपरवर तेच चढलं. अहो घरात रॉकेलचा स्टो येऊन पंधरा वर्षं झाली असतील, तो कधीच भंगारात गेला! पण केसपेपरवर स्टो, मग एमएलसीत (अशा केसची पोलिसांसाठी हॉस्पिटल करतं ती नोंद) स्टो, मग पोलिसांच्या जबाबात स्टो. ते दुरुस्त करायला तीन महिने गेले, वहिनींचा पुरवणी जबाब घ्यायला लावला, शेजाऱ्यांचे जबाब, अग्निशमनवाल्यांचा दाखला, तेव्हा कुठं 'गॅस गळती' हा शब्द आला.

म्हणून तुम्ही उद्याच हॉस्पिटलमध्ये जाऊन केसपेपर आणि एमएलसीवर कारण काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पोलिसांचा पंचनामा झालाय का, झाला असेल तर नक्कल मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आईंचा जबाब झालाय का तेही विचारा, झाला असेल तर 'माझ्या चुकीमुळे झाले, कुणाविरुद्ध तक्रार नाही' असं ठोकळेबाज वाक्य त्यात घातलंय का बघा. माणूस वेदनेत असतो, इंजेक्शनच्या गुंगीत असतो, अंगठा देऊन मोकळा होतो. तसं असेल तर घाबरू नका, शुद्धीवर आल्यावर पुरवणी जबाब द्यायला अर्ज करता येतो.

बिलाचं म्हणाल तर हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. त्या योजनेत भाजल्याचे उपचार येतात. सगळी ओरिजनल बिलं, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड जपा, दावा करताना ओरिजनल मागतात, म्हणून आधी दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. आणि भाजल्याचा खर्च डिस्चार्जला संपत नाही हो. वहिनींची बोटं सहा महिन्यांनी आखडायला लागली, परत ऑपरेशन, मग घट्ट बसणारा हातमोजा दिवसरात्र घालायचा, उन्हाळ्यात त्या रडायच्या. कायमचं व्यंग राहिलं तर सिव्हिलमधनं अपंगत्वाचा दाखला काढा, पुढं भरपाई मोजताना त्याला वजन आहे.

विम्याचे २ लाख मिळाले म्हणजे झालं असं मात्र नाही. एजन्सीनं निष्काळजीपणा केला असेल, म्हणजे गळका सिलेंडर दिला, तक्रार केली तरी माणूस पाठवला नाही वगैरे, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पूर्वी जिथं समोरच्याचं ऑफिस किंवा जिथं प्रकरण घडलं तिथं जावं लागायचं, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे साताऱ्यात. मुदत दोन वर्षं, हे विसरू नका, 'साहेब बघतो म्हणालेत' यातच लोकांची दीड वर्षं जातात. सिलेंडरच्या किमतीवर फी ठरते त्यामुळं फी काहीच नाही. एजन्सी, तेल कंपनी, विमा कंपनी तिघांनाही केसमध्ये विरुद्ध पार्टी करा, नाहीतर ते एकमेकांकडं बोट दाखवत बसतात, आमच्या केसमध्ये दुसऱ्या तारखेपासून हाच खेळ सुरू झालेला.

(इथं वाचणाऱ्यांपैकी कुणाचा माणूस विट्याच्या यंत्रमागावर किंवा कुपवाडच्या कारखान्यात भाजला असेल तर रस्ता वेगळा आहे. पगारातनं ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील तर तिकडं, नाहीतर मालकाकडनं कामगार भरपाई, त्यात मालकाची चूक होती हे सिद्ध करत बसावं लागत नाही, काम करताना कामामुळं झालं हे दाखवायचं. विजेच्या तारेनं झालं असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल मिळवा, तो नसेल तर पुढं काही हलत नाही.)

आता तुमचा वकील. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानंच बंद आहे, त्यामुळं 'निम्मं माझं' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सही केली नसेल तर करूही नका. आणि पैसे नसतील तरी अडत नाही. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदाच आहे तसा. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं आईंच्या नावानं अर्ज द्या, किंवा १५१०० ला फोन करा. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं लोक म्हणतात, मीही म्हणायचो. आम्हाला मिळालेल्या मॅडम नव्या होत्या पण नळीचा तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवून भिंगानं वाचला, आधीच्या पैसे घेणाऱ्या साहेबांनी तो पोत्यातनं बाहेरसुद्धा काढला नव्हता.

एजन्सीला अर्ज देताना पोच घ्याच. शिक्का, तारीख, सही आणि सहीखाली नाव, चारही बघून घ्या. आम्हाला पहिल्यांदा नुसती एक वाकडी सही मिळाली होती, ती कुणाची ते एजन्सीत आजपर्यंत कुणी ओळखलेलं नाही.