'लीव्ह अँड लायसन्स' आणि 'लीज' यांतील फरक

राहत्या घराच्या करारावर 'लीव्ह अँड लायसन्स' असे लिहिलेले असते, त्यातील 'लीव्ह' म्हणजे मुदत संपल्यावर घर सोडणे का, आणि हा करार व 'लीज' एकच का, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही समजुती बरोबर नाहीत, आणि दुसरी चूक प्रसंगी फार महागात पडू शकते.

येथील 'लीव्ह' हे 'सोडणे' या अर्थाचे क्रियापद नसून 'परवानगी' या अर्थाचे जुने नाम आहे. नोकरीतली 'लीव्ह' तीच, आणि आपला 'रजा' हा अरबीतून आलेला शब्दही मूळच्या संमतीच्या अर्थावरून सुट्टीच्या अर्थाकडे तसाच सरकला आहे. 'लायसन्स'चा अर्थही परवानगीच. तो शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या 'धनदौलत' किंवा 'कागदपत्र' यांच्याप्रमाणे समान अर्थाचे दोन शब्द जोडून लिहिण्याची इंग्रजी दस्तऐवजांची जुनी रीत आहे. जमिनीत बेकायदा शिरल्याचा दावा झाला, तर प्रतिवादी 'लीव्ह अँड लायसन्स' होते, म्हणजे मालकाची परवानगी होती, असा बचाव इंग्लंडच्या न्यायालयांत घेत असे.

'लीज' म्हणजे भाडेपट्टा. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 105नुसार भाडेपट्ट्याने मिळकतीचा उपभोग घेण्याचा हक्क हस्तांतरित होतो, म्हणजेच मालकी मालकाकडे राहिली तरी मिळकतीत पट्टेदाराचा हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52मध्ये आहे: परवानगी नसती तर जे करणे बेकायदा ठरले असते, ते करण्याची मुभा, पण मिळकतीत कोणताही हितसंबंध नाही.

मुंबईच्या 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले, आणि ते टाळण्यासाठी अनेक मालक 'लायसन्स' लिहून घेऊ लागले. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती होऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागा ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. सध्याच्या 1999च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 24नुसार मात्र राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेचा ताबा मुदत संपताच परत द्यावा लागतो. न दिल्यास लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते.

केवळ मथळ्याने सगळे ठरते, असेही नाही. 'असोशिएटेड होटल्स विरुद्ध कपूर' या 1959च्या खटल्यात दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनाच्या जागेच्या दस्तात लायसन्सची भाषा होती, तरी दस्ताचा आशय पाहून सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. महाराष्ट्रातील राहत्या जागेचे तसे नाही, कारण कलम 24च्या स्पष्टीकरणानुसार लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच दोन्ही प्रकारांना सरसकट 'भाडेकरार' म्हणणे मला चुकीचे वाटते. लीजला 'भाडेपट्टा' म्हणावे आणि दुसऱ्याला रुळलेले इंग्रजी नावच ठेवावे.

अकरा महिन्यांची मुदत 'लीव्ह' या शब्दातून आलेली नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही, कारण 1999च्या कायद्याच्या कलम 55नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

'लायसेन्सर' व 'लायसेन्सी' किंवा 'लेसर' व 'लेसी' यांत अनेकांचा गोंधळ होतो. आपल्या दस्तांतील 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' येथे नेमके लागू पडतात: शेवटी 'अर' असलेला जागा देणारा, शेवटी 'ई' असलेला ती घेणारा.