गढीचा तट आणि अकरा महिने

"इनामदार पूर्वजांनी गढीभोवती दगडी तट आणि दिंडी दरवाजा बांधला. सनद घरात आहे. तरी रस्त्याकडेचा तट सरकारी असल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला, आता तो पाडणार म्हणतात." अशी पत्रे वरचेवर येतात. तुमच्या पत्रात तीन पाने तटाच्या जुनेपणावर आहेत, पण सगळे ठरणार आहे ते शेवटच्या ओळीवर: आदेशाला अकरा महिने झाले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर सार्वजनिक रस्ते आणि त्यांच्या कडेची कुंपणे सरकारची. चौकशीअंती तसा आदेश झाला की तो रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात एक वर्ष मिळते. ते आदेशाच्या तारखेपासून मोजतात, पाकीट फोडल्यापासून नाही. वर्ष उलटले की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी दावा फेटाळायचा, असे कलमातच लिहिले आहे. आदेशाची रीतसर नोटीस मिळालीच नसेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही सही करून रजिस्टर पाकीट घेतलेत आणि 'सुगी झाल्यावर बघू' म्हणून कपाटात ठेवलेत. हे वाचून मला संताप आला.

अपिलाचे ९० दिवस केव्हाच गेले. आता विलंब माफीचा अर्ज करून अपील करा, असे कुणी सुचवेल. त्या भरवशावर दावा लांबवू नका. मुदतीत केलेल्या अपिलानेच वर्ष नव्याने मोजले जाते.

सरकारवर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि तुमच्या हाती एक महिनाही धड नाही. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळून मिळू शकेल, पण त्यावर तट पणाला लावू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०(२) खाली तातडीची परवानगी मागून दावा लगेच दाखल करा. नुसती मनाई मागू नका. आदेश रद्द करण्याची मागणी हवीच, आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज.

सनदेने तट तुमचा ठरेलच, असे मी म्हणणार नाही. इनाम कोणत्या कायद्याने खालसा झाले, तट गावठाणात आहे की सर्व्हे नंबरात, यावर बरेच अवलंबून आहे. जुना म्हणून तो संरक्षित स्मारकही होत नाही. त्याला शासनाची अधिसूचना लागते. मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) मागवा, पण तिच्यासाठी थांबू नका. भूमी अभिलेखवाले तुमच्या मुदतीसाठी घाई करणार नाहीत.

उद्याच ते पाकीट वकिलाकडे न्या.