जुन्या होम कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा आहे (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा आहे), हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) कोणता लावू?

स्पेक्ट्रम, कमोडोर 64 आणि अमिगा 1200, तिन्ही आहेत म्हणता, मजा आहे! पण हीटसिंक घेण्याआधी मशीन उघडून अर्धा तास चालू ठेवा आणि एकेका चिपवर बोट टेकवून बघा.

स्पेक्ट्रममध्ये चटका बसेल तो झेड80 प्रोसेसरचा नाही, व्होल्टेज उतरवणाऱ्या 7805 रेग्युलेटरचा. 9 व्होल्टचे 5 करताना मधले 4 व्होल्ट तो नुसते तापण्यात घालवतो, म्हणजे 1 अँपिअरला 4 वॅट. त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवा, पेटी लगेच निवते. त्या काळच्या एनमॉस प्रकारच्या चिपा क्लॉक (चिपला चालवणारे ठोके) वाढवला म्हणून फारशा जास्त तापत नाहीत. त्यांच्यातून करंट एरवीही वाहतच असतो.

अडचण वेगळीच आहे. कमोडोरमध्ये प्रोसेसरला क्लॉक देते व्हिक चिप, आणि टीव्हीचं चित्रही तीच काढते. ठोक्यांचा वेग ठरवणारा क्रिस्टल बदललात की चित्र आधी जाईल. स्पेक्ट्रमचंही तेच, तिथे व्हिकच्या जागी यूएलए नावाची चिप. ही दोन्ही मशीन आहेत त्या वेगाला राहू द्या. कमोडोरच्या व्हिक, सिड (आवाजाची चिप) आणि पीएलए (बाकीच्या चिपांची निवड करणारी चिप) यांवर मात्र छोटे हीटसिंक जरूर चिकटवा, आयुष्य वाढतं. आणि त्याचा मूळ ॲडाप्टर वापरत असाल तर आधी 5 व्होल्टची लाइन मोजा. तो बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि रॅम जळते, तिथे हीटसिंक काय करणार?

राहिला अमिगा. मदरबोर्डवरचा 14 मेगाहर्ट्झचा 68020 प्रोसेसर सोडून द्या; खरी गंमत ॲक्सिलरेटर कार्डात (जास्त वेगवान प्रोसेसर असलेलं जोडकार्ड), कारण त्याला स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे क्लॉक देणारी डबी, असतो. मी माझ्या कार्डावरच्या 68030 प्रोसेसरचा 40 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर काढून 50चा लावला. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) झटक्यात उघडलं, मी खूश. मग एक मोठी आर्काइव्ह उलगडायला लावली तर सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण), आणि दर वेळी निराळ्याच फाइलला! तापत असेल म्हणून हीटसिंक लावला, पंखा लावला, दोन संध्याकाळी गेल्या. दोष होता 70 नॅनोसेकंदांच्या रॅमचा. 60ची घातली आणि एरर बंद. तेव्हा नुसतं बूट झालं म्हणून हुरळू नका, तासभर आर्काइव्ह उलगडत बसवा.

68030 मात्र एनमॉस नाही, सीमॉस प्रकारचा आहे, क्लॉकच्या प्रमाणात तापतो. 40चे 50 म्हणजे साधारण पाव हिस्सा जास्त. बुटका हीटसिंक पुरतो. उंच घेतलात तर कार्ड बसतं तिथलं खालचं झाकण लागणार नाही.

ऑसिलेटरच्या डबीचे तीन कोपरे गोल असतात, एक टोकदार. टोकदार तो पाय 1. उलटा बसवलात तर डबी गेलीच समजा. शेजारी 68882 (गणिताची जोडचिप) असेल तर बऱ्याच कार्डांवर त्याचा ऑसिलेटर वेगळा असतो; चुकून तो उपटू नका.