‘पेर्के?’ला उत्तर देताना: मिलानमध्ये डिझाइन शिकणाऱ्यांचे प्रश्न

मिलानमध्ये डिझाइन शिकणाऱ्या आणि तिकडे निघालेल्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या पालकांची पत्रं आली आहेत. त्यातल्या चार पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न: प्रॉडक्ट डिझाइनच्या मास्टर्सचं माझं दुसरं सेमिस्टर चालू आहे. दर आठवड्याच्या रिव्ह्यूला मी रात्रभर जागून रेंडर, म्हणजे संगणकावरचं हुबेहूब चित्र, करून नेतो. प्राध्यापक दोन मिनिटं बघतात, ‘पेर्के?’ म्हणजे ‘का?’ एवढंच विचारतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. भारतात शिकत असताना काय बदलायचं ते सर सांगायचे. आता मला काहीच येत नाही असं वाटायला लागलंय. – विद्यार्थी, मूळ गाव नाशिक

उत्तर: रेंडर नेणं थांबवा. गुळगुळीत चित्र समोर आलं की काम संपलेलं दिसतं, आणि संपलेल्या कामावर बोलण्यासारखं फार उरत नाही. त्याऐवजी पन्हाळी पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल न्या. हातात धरायची वस्तू असेल तर खऱ्या मापात, खुर्ची-टेबल असेल तर १:५ मध्ये. सोबत ए-फोरवर एक सेक्शन, म्हणजे वस्तू मधून कापल्यासारखं आतलं दाखवणारं चित्र, आणि तुम्ही सोडून दिलेले दोन पर्याय. ते का सोडले, ते प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा. बोलणं खरं तर या दोन ओळींवरूनच सुरू होतं.

‘का?’ ही हेटाळणी नाही. त्या शहरात डिझाइनकडे असंच बघायची सवय आहे. आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांचा १९६२चा ‘आर्को’ दिवा घ्या. दिवा टेबलावर यावा पण छताला भोक पाडायला लागू नये, म्हणून कमान. कमान कलंडू नये म्हणून तळाशी साधारण ६५ किलोचा संगमरवर. तो हलवता यावा म्हणून त्याला आरपार भोक. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचा. लागू नये म्हणून दगडाचे कोपरे मारलेले. एकही रेषा बिनउत्तराची नाही. तुमच्या मॉडेलमधल्या प्रत्येक कडेला असं उत्तर देता येतं का, एवढंच प्राध्यापक विचारताहेत. ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर देऊ नका. ‘अंगठा इथे टेकतो म्हणून’ हे चालेल.

रिव्ह्यूला जाताना एकच नेमका प्रश्न लिहून न्या. ‘कसं वाटतं?’ असा नको, ‘हे झाकण फिरवायचं ठेवू की दाबायचं?’ असा. रिव्ह्यू संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत वहीत तीन रकाने भरा: त्यांनी काय पाहिलं, काय विचारलं, काय सुचवलं. शब्द त्यांचेच ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवणीत फक्त लागलेला शब्द उरतो, कामाचा निसटतो. आठवड्यातून एक तास एडीआय डिझाइन म्युझियममध्ये किंवा त्रिएन्नाले या दुसऱ्या डिझाइन संग्रहालयात काढा, एकाच वस्तूचं स्केच करा आणि तिच्याबद्दल पाच ‘का’ लिहा. वस्तू बोलकी करण्याचा हा सराव दोन महिन्यांत हाताला लागतो. आणि हो, तिथे गुण ३० पैकी असतात, १८ला पास. २४ मिळाले म्हणून घरी तोंड लपवायचं कारण नाही.

प्रश्न: सबमिशनच्या आदल्या रात्री मॉडेलवर स्प्रे मारला आणि निळा फोम खड्डे पडून विरघळला. पृष्ठभाग कसा वाचवायचा? – विद्यार्थिनी, सध्या मिलान

उत्तर: तो निळा फोम म्हणजे पॉलिस्टायरीन, आपल्या थर्माकोलचा घट्ट भाऊ. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट त्याला खातं. फेव्हिक्विकसारखा इन्स्टंट ग्लूही खातो. हाच फोम वापरायचा असेल तर आधी पाण्यात मिसळणाऱ्या फिलरचे किंवा ॲक्रिलिक गेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर २४० नंबरच्या कागदाने घासा, शेवटचा ४००ने. टाचणीएवढं भोक राहिलं तरी सॉल्व्हंट आत शिरतं आणि आतून पोकळी होते, म्हणून कडा आणि कोपरे दोनदा तपासा. मग २५ ते ३० सेंटिमीटरवरून हलके हात मारा. पहिल्याच हाताला रंग भरायला जाऊ नका.

याहून सोपा मार्ग म्हणजे पॉलियुरेथेन फोम. तो स्प्रेने विरघळत नाही, पण घासताना बारीक धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच. तुकडे जोडायला पांढरा लाकडाचा ग्लू चालतो. मोठ्या पृष्ठभागावर मधोमध हवा पोचत नाही आणि तो ओलाच राहतो, म्हणून पातळ पसरा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. हिवाळ्यात मिलानची हवा दमट आणि गार असते. बाहेर अंगणात स्प्रे केलात तर चकचकीत रंगावर पांढुरकी झाक येते. वर्कशॉपच्या स्प्रे बूथची वेळ आधीच घेऊन ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात ती मिळत नाही. रंगाचं काम तीन दिवस आधी संपवायचं, असंच वेळापत्रक मांडा.

प्रश्न: मुलगी सप्टेंबरमध्ये निघते आहे. कुकर, मिक्सर, तूप, मसाले काय काय द्यावं? तिला वरणभाताशिवाय चालत नाही. – आई, सातारा

उत्तर: ताई, तूप, खवा, पेढे देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. गोडा मसाला, हिंग, मेतकूट द्या, पण दुहेरी पिशवीत सील करून. गोड्या मसाल्याचा वास कपड्यांना महिनाभर सोडत नाही.

कुकर स्टीलचा, तीन लिटरचा पुरे. बुडाला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. तिथे बऱ्याच घरांत इंडक्शन असतं आणि त्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेवढा ॲडॅप्टर द्या. घरांना वीज बहुतेक ३ किलोवॅटचीच असते. इंडक्शन, किटली आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मेन स्विच पडतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

डाळ-पिठाचं ओझं करू नका. लाल मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात ‘लेन्तिक्किए रोस्से’ नावाने मिळते आणि कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. ‘फारिना दि चेची’ म्हणजे हरभऱ्याचं पीठ. ते काबुली चण्याचं असल्याने बेसनाहून चव थोडी सौम्य, पण पिठलं उत्तम होतं: एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी, आणि पीठ गार पाण्यात आधीच कालवून घ्यायचं. उपम्याला ‘सेमोलिनो’ म्हणजे रवा घ्यावा. ‘सेमोला रिमाचिनाता’ बारीक असते, उपम्याचा लगदा होतो. पोळ्यांना मात्र ती चालते, कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवली तर. तूरडाळ व्हिया पादोव्हाच्या बाजूच्या दक्षिण आशियाई दुकानांत मिळेल.

प्रश्न: पेर्मेस्सोचा, म्हणजे इटलीत राहायच्या परवान्याचा, अर्ज केला, पावती मिळाली, कार्ड अजून नाही. डिसेंबरमध्ये चार वाजताच अंधारायला लागतं, घरी जावंसं वाटतं. तिकीट काढू का? – विद्यार्थी, मूळ गाव कोल्हापूर

उत्तर: काढा, पण मार्ग बघून. व्हिसाची मुदत संपली असेल आणि हातात फक्त पोस्टाची पावती असेल, तर इटलीतून थेट किंवा शेंगेनबाहेरच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरच्या) विमानतळावरून, उदाहरणार्थ दुबई किंवा दोहावरून, जा-ये करा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलायचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका; परतीला तिथेच अडकायला होतं. मूळ पावती आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. बोटांचे ठसे द्यायची क्वेस्तुराची (पोलिस मुख्यालयाची) तारीख सुट्टीत पडत नाही ना, तेही बघा. नव्याने जाणाऱ्यांसाठी: पोहोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून अर्जाचा संच घ्यायचा, १६ युरोचा ‘मार्का दा बोल्लो’ (सरकारी मुद्रांक) तंबाखूच्या दुकानातून आणायचा आणि पासपोर्ट-विम्याच्या प्रती लावून पोस्टातच द्यायचा.

अंधाराबद्दल: डिसेंबरमध्ये सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. पूर्ण दिवस वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली गेला तर ऊन दिसतच नाही, म्हणून दुपारचं जेवण बाहेर बाकावर बसून खा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. तुम्ही रात्री आठला मोकळे होता तेव्हा घरी साडेबारा वाजलेले असतात. आई जागी राहते आणि दोघंही दमलेले बोलता. फोन दुपारी दीडला, जेवताना करा. घरी तेव्हा संध्याकाळचे सहा, चहाची वेळ.