घरच्या घरी गारगोट्या कापायची करवत बनवता येते का? टाइल कटर उलटा बसवून चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विहिरीच्या डबरात गारगोट्या सापडल्या, त्या मधोमध कापून आतल्या रेघा बघायच्यात, तयार मशीन महाग पडतं, तर चार इंची टाइल कटर फळीखाली उलटा बांधून काम भागेल का?

टाइल कटर नको. करवत मात्र घरी नक्की होते, माझी गेली सात वर्षं चालू आहे. मी नाशिकला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी सिन्नर-निफाडच्या बाजूला खडीच्या खाणी आणि नव्या विहिरी धुंडाळतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कटर का नको ते. चार इंची कटर मोकळा फिरताना मिनिटाला १३ हजारांच्या आसपास फेरे मारतो. ११० मिलिमीटरचं ब्लेड म्हटलं तर त्याची कड सेकंदाला ७५ मीटर पळते. सेंटीमीटरभर जाडीच्या टाइलला ते चालून जातं. गारगोटी, म्हणजे अकीक, मोहच्या (दहापर्यंतच्या) कठीणपणाच्या पट्टीवर साडेसहा ते सात, चाकूच्या पोलादापेक्षा कठीण. एवढ्या वेगात पाणी कडेवर टिकत नाही, सगळं अंगावर उडतं. कड तापते आणि दगडाला बारीक तडे जातात. मी सुरुवातीला तसंच केलं होतं. मुठीएवढी गारगोटी दोन्ही हातांनी धरून रेटत होतो. अर्ध्यात गेल्यावर ब्लेडने ती हातातून हिसकली आणि समोरच्या भिंतीवर फेकली. बोटं वाचली हे नशीब. गारगोटीचे चार तुकडे झाले. आत निळसर पांढऱ्या रेघा होत्या, पण फुटक्या कडेवर त्या नीट दिसेनात. तो दगड मी अजून ठेवलाय, आणि त्याची हळहळ आजही वाटते. आपल्या काळ्या कातळातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसून हे दगड झालेत. मूळ लाव्हाच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकदा फुटला की संपलं.

करवत म्हटलं की आपल्याला दाते आठवतात. या करवतीला दाते नसतात. धातूच्या भुकटीत हिऱ्याचे कण मिसळून, भाजून कड बनवलेली असते आणि तो प्रत्येक कण दगडावर एक ओरखडा काढत जातो. पूर्वी बिनदात्याच्या पट्टीखाली किंवा तारेखाली वाळू नाहीतर कुरुंदाची पूड आणि पाणी सोडून दगड चिरायचे, तत्त्व तेच. म्हणजे हे झिजवण्याचं काम आहे. त्याला जोर लागत नाही. वेग बेताचा, पाणी कायम आणि दगडाची चाल सरळ, एवढं लागतं. पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते यावरून ठरवा.

मोटर अर्धा एचपीची, सिंगल फेज, १४४० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे मारणारी) इंडक्शन मोटर घ्या. जुन्या बाजारात मिळते. बेअरिंग हाताने फिरवून ऐका, खरखर असेल तर बदलून टाका. ब्लेड दहा इंची, २५० मिलिमीटरचं, अखंड कडेचं. दुकानदार खाचा असलेलं दाखवेल, ते ग्रॅनाइट-काँक्रीटसाठी असतं. प्रत्येक खाच दगडाच्या कडेवर ठोके मारते आणि टवके उडवते. मोटरला तीन इंची पुली, ब्लेड बसतं त्या शाफ्टला चार इंची, मध्ये ए सेक्शनचा व्ही-बेल्ट. शाफ्ट १०८० आरपीएमने फिरेल आणि ब्लेडची कड सेकंदाला १४ मीटरच्या जवळपास जाईल. अकीकाला हा वेग मानवतो. ब्लेडवर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो एकदा वाचून घ्या.

शाफ्ट मात्र स्वतः कापून-घासून करू नका. चांगल्या टर्नरकडून ब्राइट बारमधून करून घ्या, ब्लेडच्या भोकात हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही इतका. ब्लेड दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँज, तिथेच, लेथच्या त्याच सेटिंगला तोंड सपाट करून घ्या. दोन पिलो ब्लॉक बेअरिंग, खाली अँगलची वेल्ड केलेली चौकट. लाकडाची चौकट पाण्याने फुगते आणि सगळी मापं बदलतात.

आता खरी गोष्ट, दगड वाहून नेणारी गाडी. बहुतेक घरगुती करवती इथेच फसतात, माझीही फसली होती. मी ड्रॉवरचे बॉल बेअरिंगवाले चॅनल लावले होते, हात लावला की लोण्यासारखे सरकायचे. दोन महिन्यांत दगडाचा गाळ आत गेला, गोळ्या गंजल्या आणि गाडी केसभर डावी-उजवी हलायला लागली. एवढ्या केसभराने ब्लेड तिरकं दाबलं गेलं आणि त्याची बशी झाली. सपाटीवर ठेवलं की मध्ये उजेड दिसायचा. बशी झालेलं ब्लेड परत सरळ होत नाही. आता दोन ब्राइट बार आहेत, त्यावर सरकणारे नायलॉनचे बुश (जाड नळीचे तुकडे), आणि गाळ येऊ नये म्हणून वरून जुन्या ट्यूबच्या रबराची झापड. सात वर्षांत बुश एकदाच बदलले.

गाडीची चाल ब्लेडला समांतर आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही. सायकलच्या चाकाची एक तार वाकवून गाडीवर घट्ट बसवा. ब्लेडच्या कडेजवळ मार्करने एक ठिपका करा, तो पुढच्या बाजूला आणा आणि तारेचं टोक त्याला जेमतेम टेकेल असं ठेवा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच ठिपका मागच्या बाजूला न्या आणि गाडीही तिकडे सरकवा. तार तितकीच टेकली पाहिजे. फट पडली किंवा तार दबली तर बारखाली शिम, म्हणजे पत्र्याची पातळ चकती, घालून किंवा बोल्ट ढिले करून जुळवा. दोन्हीकडे तोच ठिपका घ्यायचा, कारण ब्लेड स्वतः थोडं लपकत असलं तरी मग त्याचा फरक मापात येत नाही. मला पहिल्यांदा या कामाला अख्खा रविवार लागला.

दगड पकडण्याचंही तसंच. गारगोटी गोल, पकडीचे जबडे सपाट. मध्ये लाकडाचे तुकडे आणि पुठ्ठा घाला, तीन ठिकाणी टेकली पाहिजे. फारच वेडीवाकडी असेल तर आइस्क्रीमच्या डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून त्यात बसवा, वाळू द्या आणि तो ठोकळाच पकडीत धरा. कापताना दगड जरा जरी फिरला तरी ब्लेड चिमटलं जातं.

ढकलायचं कोणी? हाताने नको. गाडीला नायलॉनची दोरी बांधा, ती छोट्या पुलीवरून खाली सोडा आणि टोकाला पाण्याची बाटली लटकवा. एक लिटर म्हणजे एक किलो, हवं तितकं पाणी कमी-जास्त करता येतं. दोन इंची अकीकाला मी अर्ध्या लिटरने सुरुवात करतो. ब्लेड उतरत्या पृष्ठभागावर टेकलं तर घसरतं, म्हणून खाच पडेपर्यंत गाडी हाताने मागे ओढून धरतो. शेवटचा काडीएवढा भाग राहिला की बाटली उचलायची, नाहीतर तो तुटून टोक राहतं. दोन इंचाला पंधरा मिनिटं लागली तर ठीक चाललंय समजा. ब्लेड पुढच्या बाजूने खाली जाईल असंच फिरलं पाहिजे, म्हणजे दगड गाडीवर दाबला जातो.

ब्लेडची खालची कड ट्रेमधल्या पाण्यात सेंटीमीटरभर बुडालेली हवी. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि काम झालं की ट्रे रिकामा करा, रात्रभर ठेवलात तर सगळं गंजतं. काही जुने हौशी लोक डिझेल किंवा रॉकेल वापरायचे. घरात ते अजिबात नको, त्याचा फवारा हवेत उडतो आणि पेट घेऊ शकतो. मोटर ट्रेपासून लांब, मध्ये पत्र्याचा आडोसा. अर्थिंग मोटरच्या अंगालाच जोडा आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, लावा. पाणी आणि वीज शेजारी आहेत, इथे काटकसर करू नका. बेल्टवर आणि ब्लेडवर झाकण, डोळ्यांवर गॉगल, बाह्या दुमडलेल्या. हातमोजे घालू नका, ते ब्लेड-बेल्टमध्ये ओढले जातात.

काही कापांनंतर ब्लेड नुसतं गुळगुळीत आवाज करत फिरतं, दगड पुढे सरकत नाही. हिरे संपलेले नसतात. अकीकाने भोवतालचा धातू चकचकीत केलेला असतो आणि कण आत दबलेले असतात. अशा वेळी वजन वाढवू नका. जुन्या ग्राइंडिंग व्हीलच्या तुकड्यात दोन-तीन काप घ्या. धातू घासला जातो, नवे कण वर येतात आणि पुन्हा तो खसखस आवाज सुरू होतो.

आता धुळीचं. कृपा करून हे वरवर वाचू नका. गारगोटी म्हणजे सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातेतल्या खंभातचा अकीकाचा धंदा हजारो वर्षांच्या परंपरेचा. लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ते मणी असे घडवतात की बघत राहावं. पण तिथल्या घासणाऱ्या कारागिरांना या रोगाने गाठलंय. म्हणून एक कापसुद्धा कोरडा नको. पाणी असलं तरी बारीक तुषार उडतात, एन-९५ मास्क लावा आणि उघड्यावर काम करा. खाली जमणारा राखाडी गाळ पेजेसारखा दिसतो, तो फरशीवर वाळू देऊ नका. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. मोरीत ओतलात तर पाइप दगडासारखा बुजतो.

आणखी एक विनंती. त्याच विहिरीत तुम्हाला पोकळीत उभे स्फटिक दिसतील, गुलाबी-केशरी पंख्यासारखं स्टिल्बाइट किंवा काचेसारखं ॲपोफिलाइट. ते करवतीला लावू नका. ते मऊ असतात आणि पापुद्र्यांत सुटतात, नुसत्या थरथरीने ढासळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा, असे स्फटिक आहे त्या रूपातच किती देखणे दिसतात. कापायची ती बंद, भरीव, हातात जड लागणारी गारगोटी.

करवत जोडून झाली की पहिला काप गारगोटीचा घेऊ नका. फरशीवाल्याकडून संगमरवराचा जाड तुकडा आणा, त्यातून सहा मिलिमीटरची चकती काढा आणि चारही कोपऱ्यांवर व्हर्निअर लावा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत सायकलची तार काढा. चारही आकडे जुळले की मग ती विहिरीतली गारगोटी धुऊन, पुसून पकडीत बसवा.