चित्रपट-मालिकांमध्ये एकच कलाकार जुळी भावंडं कशी साकारतो? हल्ली सगळं कम्प्युटरच करतो ना?

प्रश्नाचा पहिला भाग ठीक आहे. दुसऱ्या भागाने डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

मूळ युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, भिंगाची एक बाजू झाकायची, नटाला दुसऱ्या बाजूला उभं करून शूट करायचं. मग फिल्म मागे गुंडाळायची, झाकण बदलायचं आणि त्यालाच पलीकडे उभं करायचं. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनने 1921 साली 'द प्लेहाउस'मध्ये असे नऊ कीटन एका ओळीत आणले. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. त्यामुळे एल्जिन लेसली या कॅमेरामनला दर खेपेला तोच वेग धरावा लागला. आपल्याकडे फाळक्यांनी त्याआधीच, 1917 च्या 'लंकादहन'मध्ये, अण्णा साळुंक्यांकडून राम आणि सीता दोघंही करून घेतले होते. तिथे कथेनेच अर्धं काम केलं, सीता लंकेत आणि राम बाहेर.

आता माझं. मी एका मराठी मालिकेत जुळ्या बहिणींपैकी एकीची पाठ होते. कधी थोरलीची, कधी धाकटीची. नायिका एकच, तिची ड्युप्लिकेट मी. उंची तीच, खांदे तेच, केसांचा भांगही तिच्यासारखा पाडलेला.

डेली सोपमध्ये रोज एपिसोड बाहेर काढायचा असतो. तिथे दोघी एका फ्रेममध्ये चेहऱ्यासकट दिसणारा लॉक शॉट, म्हणजे कॅमेरा न हलवता दोनदा घेऊन जोडलेला, एपिसोडात एखादा, फार तर दोन. बाकी सगळा मामला सजेशनवर, म्हणजे पुढे एकीचा खांदा नि अंबाडा, समोर दुसरीचा चेहरा. प्रेक्षकाला वाटतं आपण दोन बहिणी बघितल्या. बघितलेली असते एक नायिका आणि माझी मान.

वडील गेल्यानंतरचा सीन होता. शहरातली धाकटी येते, गावाकडची थोरली तिच्यावर आधी चिडते आणि मग तिचे डोळे पुसते. आधी नायिका थोरली झाली, कारण त्या रूपाला मेकअप कमी, तो नंतर चढवता येतो, उतरवण्यात वेळ जातो. मी धाकटीच्या कुर्त्यात, कॅमेऱ्याकडे पाठ करून, धाकटीची सगळी वाक्यं पाठ करून उभी. माझा आवाज नंतर उडवणार, हे मला ठाऊक. तरी वाक्यं खऱ्यासारखीच म्हणावी लागतात, नाहीतर समोरची कशावर चिडणार? "तू आलीसच का" यातल्या 'आलीसच'वर तिने माझं मनगट धरलं. कन्टिन्यूटीवाल्या, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळतंय का ते बघणाऱ्या, मुलीने वहीत लिहून घेतलं: डावा हात, 'आलीसच'.

मग चेंज. ती धाकटी होऊन आली, मी थोरलीच्या साडीत. आता मनगट मी धरायचं, त्याच शब्दावर, त्याच हाताने, तेवढ्याच जोरात. जोर कमी पडला तर तिचा खांदा हलणार नाही आणि दोन तुकडे एडिटवर जुळणार नाहीत. शेवटी डोळे पुसणारा हात क्लोजमध्ये होता, म्हणजे माझा. नायिकेच्या मनगटावर तीळ आहे, माझ्या नाही. मेकअपदादांनी आयब्रो पेन्सिलने तो काढला, वर पावडर दाबली, आणि हिरव्या बांगड्या थोड्या मागे सरकवायला लावल्या, तीळ दिसावा म्हणून.

त्याच दिवशीच्या लॉक शॉटमध्ये पहिली बाजू घेऊन मी फ्रेमबाहेर गेले, तर लाइटवाले दादा ओरडले, "सावली कुठं गेली?" माझी सावली नायिकेच्या पदरावर पडत होती. मी गेले तशी तीही गेली. बहीण शेजारी उभी आणि तिची सावलीच नाही! शेवटी मला दिव्यासमोर, फ्रेमच्या बाहेर पण त्याच कोनात, हात किंचित वर धरून उभं केलं. ही गोष्ट कम्प्युटरने केली नाही, त्या दादांच्या नजरेने केली.

प्रोमोत तोच हात आला. घरी सगळे टीव्हीसमोर. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, यात तुम्ही कुठे?" मी म्हटलं, "तो हात माझा." तर म्हणे, "मग टायटलमध्ये हाताचं नाव कुठंय?" नव्हतंच. मी प्रॉडक्शनला विचारलं होतं, उत्तर मिळालं की प्रेक्षकांना दोन बायका आहेत हे कळायलाच नको. भावजींचं मत आजही तेच आहे, पाठ दाखवायला अभिनय कशाला लागतो. भावजी, लागतो. अपमान झालेल्या बाईची पाठ आणि बसची वाट बघणाऱ्या बाईची पाठ एकसारखी नसते. समोरच्या नटीचा लुक, म्हणजे नजरेचा रोख, कशावर टिकतो? ड्युप्लिकेट नसली की लाइटच्या स्टँडवर टेपचा तुकडा चिकटवतात आणि त्याच्याशी भांड म्हणतात. डोळे लगेच ओळखू येतात, कशावरच रोखलेले नसतात ते. जुळ्यांचा सीन फसला तर दहापैकी नऊ वेळा लुक चुकलेला असतो, दोन तुकड्यांचा जोड दिसतो म्हणून फसत नाही.

परदेशातही हीच कथा. डिस्नेच्या 1961 च्या 'द पेरंट ट्रॅप'मध्ये हेली मिल्सने दोन्ही बहिणी केल्या, त्यासाठी सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात मॅट काढण्याची, म्हणजे माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करण्याची, खास पद्धत वापरली. तरी खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये सुझन हेनिंग नावाची मुलगी होती आणि टायटलमध्ये तिचं नाव नव्हतं. 2010 च्या 'द सोशल नेटवर्क'मध्ये विंकलव्हॉस जुळे दोन्ही आर्मी हॅमरच्या चेहऱ्याचे. पण एकाचं शरीर जॉश पेन्स या नटाचं. त्याने हॅमरसमोर सीन केले, नंतर त्याच्या मानेवर हॅमरचा चेहरा बसवला. म्हणजे कम्प्युटर आला तरी माणूस लागलाच.

आता न्यायाने बोलायचं तर कॅमेरा फिरता असेल, दोघं एकमेकांसमोरून जात असतील, तर कम्प्युटरवाचून गत्यंतर नाही. त्यातला एक मार्ग मोशन कंट्रोल, म्हणजे कॅमेऱ्याची चाल यंत्राने तंतोतंत पुन्हा करायची. 1988 च्या 'डेड रिंगर्स'मध्ये जेरेमी आयर्न्सच्या दोन डॉक्टरांसाठी ती वापरली होती. आणि चेहरा बदलण्याचं तंत्र आता बरंच स्वस्त झालंय, हेही खरं. मालिकेचा अनुभव सिनेमाला जसाच्या तसा लागू होत नाही, तेवढं लक्षात घ्या.

तुम्हाला स्वतःला शॉर्टफिल्म करायची असेल, तर मोबाईल ट्रायपॉडवर घट्ट लावा. फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवलंत तर दुसऱ्या खेपेला भिंतीचा रंग बदलेल. जोडाची रेघ दाराची चौकट, कपाटाची कड अशा ठिकाणी टाका. खिडकीतलं ऊन टाळा, ते तुमच्या चेंजसाठी थांबत नाही. आणि समोर उभी करायला मैत्रीण आणाल तिला वाक्यं आधी द्या, दिवसाचे पैसे द्या, आणि टायटलमध्ये तिचं नाव घाला. 'विशेष आभार'खाली नको, कलाकारांत.