पाकिटातला निरोध आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न : बुटीबोरीत सेंट्रिंगचं काम करतो, गाव छत्तीसगडला. निरोध पाकिटात ठेवतो, तरी दोनदा फाटला. माल खराब येतो का?

माल बहुधा ठीक असतो, ठेवणं चुकतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो. त्यात मागच्या खिशातलं पाकीट रोज दाबलं जातं, नाहीतर पत्र्याच्या खोलीत तापत पडतं. रबर कमजोर होतं. खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि लागेल तेवढाच सोबत घ्या. पाकिटावरची तारीख बघा. दाबून पाहा, आत हवेची उशी लागली पाहिजे. दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर तोच फिरवून घालू नका, नवा घ्या. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावाल तर काही मिनिटांत रबर सैल पडतं. पाण्यावर आधारित जेलीच वापरा. एकावर एक दोन चढवण्याची हुशारी नको, घासून दोन्ही फाटतात. काम झाल्यावर ताठरपणा जायच्या आत कड धरून बाहेर काढा.

प्रश्न : काल रात्री दारूच्या नशेत निरोधाशिवाय संबंध आला. आता तपासणी करू का?

आजची एचआयव्ही तपासणी कालचं काही सांगणार नाही. आज घाई औषधाची आहे. ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे धोका घडल्यावर लागण रोखायला घ्यायच्या, गोळ्या सुरू झाल्या तर लागण टळू शकते. जितक्या लवकर, तितकं बरं. त्या २८ दिवस, एकही न चुकवता घ्यायच्या. थेट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना घडलं ते वेळेसकट सांगा. धोका पाहून गोळ्यांचं तेच ठरवतील. सरकारीत मिळाल्या नाहीत, तर खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या. औषध सुरू करताना तपासणी होतेच. ती पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करा.

प्रश्न : तपासणी केली तर ठेकेदाराला कळेल का?

नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो आणि निकाल तुमच्याच हाती देतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कामावर घेण्यासाठी तिची अट घालता येत नाही. जवळचं केंद्र १०९७ वर विचारा, फोन फुकट लागतो.

प्रश्न : लिंगावर फोड आला होता, दुखत नव्हता, आपोआप बरा झाला. सोडून देऊ?

सोडू नका. न दुखणारी जखम सिफिलिसची असू शकते. ती भरते, रोग आतच राहतो. शिवाय अशा जखमेतून एचआयव्हीला वाट सोपी होते. दुकानदाराच्या सल्ल्याच्या गोळ्या बंद करा, गुप्तरोग विभागात रक्त तपासा. बायकोचीही तपासणी हवी, नाहीतर तुम्ही बरे होऊन पुन्हा तिच्याकडून घ्याल.

प्रश्न : एचआयव्हीवरचं एआरटी औषध चालू आहे. कापणीला दोन महिने गावी जातो, गोळ्यांचं काय?

निघायच्या आधी एआरटी केंद्रावर सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या देतात. मुक्काम लांबणार असेल तर गावाजवळच्या केंद्राच्या नावानं चिठ्ठी मागा. पंधरा दिवस गोळी सुटली की विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे तेच औषध त्याच्यावर चालेनासं होऊ शकतं. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी दोन मात्र घेऊ नका. नियमित गोळ्यांनी विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून बायकोला लागण होत नाही. तुमचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, शेवटचा अहवाल कधीचा आहे, ते जाण्याआधी विचारून घ्या.